निमआरामचं घराणं

देवळीला बदली होऊन आले तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी मला मुलाखत द्यावी लागली. ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून मी रुजू झाले होते. नाशिककडची, एकटी. एकट्या मुलीला घरमालक काय काय विचारतात ते ठाऊक असल्यामुळे उत्तरं घोकूनच गेले होते. मटण खाता का, भेटायला कोण येईल, लग्न कधी करणार. या घराचे मालक काकाजी, त्यांनी यातलं काहीही विचारलं नाही.

"फटाके फोडता काय तुमी?"

"नाही."

"गाणे जोरात लावता काय?"

"नाही."

"फाटक उघडं टाकून जाची सवय हाये काय?"

कडी लावल्याशिवाय मला चैनच पडत नाही, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी वळून आत पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतं वं मंग? देऊन टाकू?"

मला वाटलं, काकूंना विचारताहेत. पण काकू मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. आत गार फरशीवर पोट टेकून एक पांढरी कुत्री पडली होती. टोकदार तोंड, उभे कान आणि पाठीवर वळवून ठेवलेली झुपकेदार शेपूट. तिने एक कान हलवला.

"हाव म्हणते," काकाजी म्हणाले, आणि मला वरची खोली मिळाली.

काकाजी एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांची सारी नोकरी गेली. नोकरी सुटली तरी आवाज सुटला नव्हता. एरवी ते चारचौघांसारखं वऱ्हाडी बोलत, पण रागावले किंवा एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली की थेट फलाटावरच्या शुद्ध मराठीत शिरत. "घरातील सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण ठेवलेले नाही." हे ते काकूंना म्हणत, आणि घरात काकूंशिवाय कोणी नसे. काकू शांतपणे म्हणायच्या, "गाडी आली का सांगजा, झाकण ठेवतो."

त्या पांढऱ्या कुत्रीचं नाव होतं निमआराम. हाक मारायला निमा. घरातल्या कुत्र्यांना एस.टी.च्या गाड्यांचीच नावं; तिची आई एशियाड होती, ती माझ्या येण्याआधीच गेली. साधी गाडी हे नाव त्यांनी कोणत्याही कुत्र्याला कधी दिलं नाही. "साधी कायले? आपल्या घरी साधं कोणी नाई," असं ते म्हणत. काकूंचं मत वेगळं होतं.

गावात निमाला सगळे पामेलियन म्हणत. हा शब्द कानावर पडला की काकाजी चालता चालता थांबत. "पामेलियन नाई. इंडियन स्पिट्झ." मग रस्त्यातच धडा सुरू होई. पॉमेरेनियन थंड मुलखातला, अंगावर लोकरीचे दोन थर. हा आपल्याकडचा. याची लोकर पातळ, पाय उंच, आपल्या उन्हाळ्यात निभावणारा. एके काळी विदर्भात घरोघरी होता. मग टीव्हीवरच्या जाहिरातीत दुसरी कुत्री आली, लोक तिकडे वळले. उरलेल्यांची कशाशीही सरमिसळ झाली आणि आता धड जातीचा एक सापडायचा तर जिल्हे पालथे घालावे लागतात. ऐकणारा मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "पण काकाजी, पामेलियन मस्त हाये तुमचा."

दुधवाला तर मुद्दाम म्हणायचा. रोज. पुढे माझ्या लक्षात आलं की काकाजी सकाळी त्याची वाटच पाहत असत.

निमाला पिल्लं व्हायच्या आधीपासून पिल्लं मागणारे येत. पिल्लू मागणं सोपं होतं, मिळणं नव्हतं. दुपारी घरात कोण असतं, फरशी कोणती आहे, पंखा कुठल्या खोलीत आहे, गच्चीवर बांधणार की घरात ठेवणार. सर्वांत शेवटी काकाजींचा ठरलेला सवाल यायचा. "पंधरा वर्सं जगते हा. तुमच्या पोराची दहावी होईन, नोकरी लागीन, लगन होईन, तरी हा राहीन. मंग त्याले डोळ्यानं दिसनार नाई, घरात मुतीन. तवा कोण पुसीन?" घरातली बाई मी पुसेन म्हणाली तर ते पुरुषाकडे पाहत. पुरुष छताकडे पाहत असला की मुलाखत संपली.

कोणी उत्तीर्ण झालंच तर पुढच्या आठवड्यात काकाजी न सांगता त्याच्या घरी हजर. चपला काढून भर दुपारी फरशीवर अनवाणी उभे राहायचे आणि पाय भाजतो का ते पाहायचे. वर अट ही की पुढे कधीही, कोणत्याही कारणाने कुत्रा नकोसा झाला तर दुसऱ्याला द्यायचा नाही, सोडायचा नाही, इथेच परत आणायचा. "कारण सांगाची गरज नाई. फक्त आणून द्याजा."

एका मे महिन्यात वर्ध्याच्या एका बिल्डरचा मुलगा आला. त्याला आमची कुत्री नको होती. निळ्या डोळ्यांचा बर्फातला हस्की घ्यायचा होता आणि काकाजींना कुत्र्यांतलं कळतं असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. काकाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग आतून काकूंची लोकरीची शाल आणि स्वतःचा जाड स्वेटर आणला.

"हे घाला."

"काऊन?"

"घाला तं खरं. अन् इथीसा अंगणात बसा. मी बाहेरून येतो."

मुलगा चांगल्या घरचा होता, मोठ्यांचं ऐकणारा. त्याने स्वेटर घातला, वर शाल घेतली आणि देवळीच्या उन्हात खुर्चीवर बसला. काकाजी फाटकाबाहेर जाऊन दुधवाल्याशी पावसाबद्दल बोलत उभे राहिले. काकूंना राहवलं नाही. त्यांनीच जाऊन शाल काढली आणि त्याला ताक दिलं. तो घामाने निथळत होता.

"आता हा स्वेटर काढता येते तुमाले," काकाजी आत येत म्हणाले. "त्याले येत नाई."

मुलगा निघून गेला. त्याने हस्की घेतला नाही, हे मला नंतर कळलं. पण देवळीत कितीतरी दिवस असं बोललं जात होतं की काकाजींना बिल्डर लोकांचा राग आहे.

निमासाठी नर शोधणं हा वेगळाच सोहळा होता. काकू त्याला "स्थळ पाहाले जानं" म्हणायच्या. काकाजी धुतलेला पांढरा शर्ट घालून, पासावर एस.टी.ने अमरावती, यवतमाळ, नागपूर करायचे. गुडघ्याची वाटी सरकते का ते दाबून पाहायचे, दात पाहायचे, डोळे उजेडात धरून पाहायचे. मग मालकाला विचारायचे, याची आई किती वर्षं जगली, आजी कशाने गेली. जवळच्या नात्यातला नर तर ते सगोत्र म्हणून तिथल्या तिथे नाकारत. परत आले की काकू विचारायच्या, "काय झालं?"

"पोरगा चांगला हाये. पन घराण्यात गुडघे कच्चे."

"आपल्या पोरीच्या टायमाले एवढं पाह्यलं असतं," काकू मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणायच्या, "तं जावयाचं टक्कल तरी आधी दिसलं असतं."

निमाला त्यांनी आयुष्यात एकदाच पिल्लं होऊ दिली, तीही ती पुरती मोठी झाल्यावर. लोकांना हे कळत नसे. घरात कामधेनू आहे आणि हा माणूस दूध काढत नाही, अशी चर्चा चौकात चाले. पिल्लं झाली तेव्हा काकाजींनी दाराबाहेर खुर्ची टाकली आणि कोणालाही आत सोडलं नाही, मलाही नाही. पण मी दवाखान्यात नोकरीला असल्याचं आठवून नंतर हात धुवायला लावून सोडलं. चार पिल्लं होती. एक मादी त्यांनी स्वतःसाठी ठेवली, ती रातराणी, हाक मारायला राणी. जलद हिंगणीला गेला. तिथे बोर धरणाच्या वाटेवर एकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. विनाथांबा, म्हणजे विनू, देवळीतल्याच एका शाळेच्या लिपिकाकडे. आणि चौथी, जी दूध पिता पिताच झोपायची, ती मुक्कामी, अल्लीपूरला एकट्या राहणाऱ्या एका शेतकरी बाईंकडे.

दीड-दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. राणी आईपेक्षा देखणी निघाली. तिच्यासाठी काकाजींना नागपुरात एका निवृत्त डॉक्टरांकडे मनासारखा नर सापडला. गुडघे पक्के, डोळे स्वच्छ, आजी सोळा वर्षं जगलेली. परत आले तेव्हा स्टँडवरून घरापर्यंत त्यांनी भेटेल त्याला ही बातमी दिली. मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही. कोणाला पिल्लं द्यायची तेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुधवाल्याचा नंबर त्यात पहिला होता. त्याने 'इंडियन स्पिट्झ' हा शब्द नीट म्हणून दाखवावा, एवढीच अट.

मग एका रविवारी सकाळी लिपिकाची बायको रडत फाटकाशी आली. "काकाजी, विन्याले काहीतरी झालं."

आम्ही धावत गेलो. विनू ओसरीत आडवा पडला होता. चारही पाय ताठ, तोंडाला फेस, डोळे उघडे पण ओळख नसलेले. शेजारची म्हातारी हातात चप्पल घेऊन त्याच्या नाकाशी धरत होती. "मिरगी हाये, वास द्या, वास द्या," ती म्हणत होती. काकाजींनी तिचा हात हळूच बाजूला केला, विनूच्या डोक्याजवळचा पाटा सरकवला आणि खाली बसले. हात लावला नाही. थोड्या वेळाने पाय सैल झाले. विनू उठला, भिंतीवर आपटला, मग काकाजींच्या मांडीत तोंड खुपसून उभा राहिला.

"हे पह्यल्यांदा झालं काय?"

लिपिकाच्या बायकोने मान खाली घातली. तिसरी वेळ होती. काकाजी कुत्रा काढून नेतील या भीतीने त्यांनी सांगितलं नव्हतं.

नागपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेले. रक्त तपासलं, बाकी सगळं तपासलं. विषबाधा नाही, मार नाही, ताप नाही. अपस्मार. डॉक्टर म्हणाले, बहुधा आनुवंशिक आहे, गोळ्या जन्मभर चालतील, आणि याच्यापासून किंवा याच्या भावंडांपासून पिल्लं घेऊ नका. मग राणीकडे पाहून ते जरा थबकले. तिलाही आणलं होतं. "हिच्यात तो दोष असेलच असं मात्र सांगता येत नाही. नसेलही."

ते "नसेलही" घेऊन काकाजी परत आले. घरी आल्यावर व्हरांड्यात बसून राहिले. राणी त्यांच्या पायाशी. ज्यांच्या नराशी ठरलं होतं त्या नागपूरच्या निवृत्त डॉक्टरांचा फोनही येऊन गेला. आमची हरकत नाही, तुमची कुत्री तर ठणठणीत आहे, असं ते म्हणाले. काकूंनी जेवायला हाक मारली ती त्यांनी ऐकली नाही. मी दवाखान्यातून परत आले तरी ते तिथेच होते.

"मॅडम, शंभरातून किती?"

"कोणीच सांगू शकणार नाही, काकाजी."

"कमीच असन ना?"

"कमीही असेल."

ते राणीच्या कानामागे खाजवत राहिले. तिचं घराणं टिकवण्यासाठी त्यांनी किती तालुक्यांची धूळ खाल्ली होती ते मला माहीत होतं. मग ते म्हणाले, "ब्रेक लागीन का नाई सांगता येत नाई ना, तं ते गाडी सोडता येत नाई. सीटं भरून असले तरी. ड्रायव्हर म्हणते सोडा, प्यासिंजर म्हणते सोडा, सारे म्हणते काही होत नाई. पन खिडकीत मी बसलो राह्यतो. शिट्टी माह्या हातात राह्यते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला नकार कळवला. त्या आठवड्यात निमा आणि राणी, दोघींचं ऑपरेशन झालं. पिल्लं होण्याची वाट कायमची बंद. त्या दिवशी काकाजींनी दाढी केली नाही, आणि दुधवाल्याने "काकाजी, कसा हाये पामेलियन?" विचारलं तेव्हा नुसतं "बरा हाये" म्हणाले. दुधवाला घाबरून आत काकूंना विचारायला आला की घरात कोणी गेलं का.

विनू लिपिकाकडून परत आला. त्यांच्या लहान मुलीने झटक्याचा धसका घेतला होता. ते कुटुंब ओशाळून फाटकाशी उभं होतं. बोलणी खावी लागणार अशी त्यांची खात्री होती. काकाजींनी दोरी हातात घेतली आणि म्हणाले, "डेपोची गाडी डेपोत आली. तुमी कायले रडता?"

मग ते बाकीच्या घरी जाऊन सांगायला निघाले. फोन करा, असं मी सुचवलं. "असं फोनवर सांगतेत काय?" म्हणाले. काकू मला हळूच म्हणाल्या, "लोक पोरीच्या लगनात फिटा लपवतेत. हा मानूस कुत्र्याच्या घरोघरी सांगाले चालला."

अल्लीपूरच्या बाईंनी आम्हाला फाटकात पाहिलं आणि काहीतरी घाईने पदराखाली लपवलं. तो लाडू होता. मुक्कामी तिच्या पायाशी बसली होती, चेंडूसारखी गोल. काकाजींनी अपस्माराबद्दल सगळं सांगितलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हंजे वापस न्याले नाई आले तुमी?"

"नाई."

"मंग ठीक हाये. करून घेऊ ऑपरेशन. मले वाटलं लाडवाचं कळलं तुमाले."

"लाडवाचं आता कळलं," काकाजी म्हणाले आणि पुढचा अर्धा तास मुक्कामीच्या वजनावर बोलले.

हिंगणीचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. खोल्यांचा मालक तरणाबांड, गोड बोलणारा. जलद पर्यटकांबरोबर फोटो काढून घेण्यात तरबेज झाला होता. मालकाने वर्ध्याच्या मित्राच्या कुत्रीशी त्याचा मेळ आधीच घातला होता. पिल्लं होणार होती आणि फाटकाशी पाटीच लावलेली होती, पिल्ले मिळतील.

"काकाजी, माह्या कुत्र्याले तं काही नाई ना. टकाटक हाये."

"त्याले नसन. त्याच्या पोराईले होऊ शकते."

"झालं तं पाहू मंग. अवो, मानसाईचं पाहा ना तुमी. शुगरवाले लोक पोरं पैदा करून राह्यले, त्याईले कोनी अडवते काय?"

मी औषधं वाटणारी बाई. रोज समोर शुगरवाल्यांची रांग असते. उत्तर काकाजींनी दिलं.

"मानूस सोताच्या मर्जीनं करते. कुत्र्याचं लगन आपुन लावतो. जो लावते, जिम्मेदारी त्याची."

मालक हसला आणि चहा सांगितला. पाटी तशीच राहिली.

पुढच्या रविवारी काकाजी एकटेच पुन्हा हिंगणीला गेले. वर्ध्याला गाडी बदलून, सेलूवरून. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला काय चाललंय ते पाहायला मी बरोबर गेले. पांढरा शर्ट घातलेले काकाजी मालकाच्या फाटकाबाहेर, सरकारी रस्त्यावर, बाभळीच्या सावलीत उभे होते. जंगल पाहायला आलेली एक गाडी वळली. काच खाली झाली. आणि त्यांनी हात मागे बांधून पुकारलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. या ठिकाणी वास्तव्यास असलेल्या जलद नावाच्या कुत्र्याच्या सख्ख्या भावास अपस्माराचे झटके येतात. सदर कुत्र्याची पिल्ले घेऊ इच्छिणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी. खोल्या चांगल्या आहेत. जेवणही चांगले आहे. धन्यवाद."

गाडीतल्या मुलांनी मोबाइल काढले. मालक तणतणत बाहेर आला. बापाच्या वयाच्या माणसाला हात धरून हाकलता येईना, आणि रस्ता त्याचा नव्हता. "काकाजी, बदनामी करून राह्यले तुमी माही."

तेवढ्यात आतून त्याची आई आली. जलद तिच्या पायात घोटाळत होता. तो मालकाचा कुत्रा असला तरी राहायचा म्हातारीच्या बाजेखाली, हे काकाजींनी पहिल्या तपासणीतच हेरून ठेवलं होतं.

"खोटं बोलून राह्यला काय तो मानूस?" तिने मुलाला विचारलं.

"खोटं नाई, पन..."

"मंग त्याले उन्हात काऊन उभं ठेवलं?"

मुलाने तिला समजावायचा प्रयत्न केला. ती ऐकत नव्हती, जलदकडे पाहत होती. "ह्याले होईन काय तसं?" तिने काकाजींना विचारलं.

काकाजींचा आवाज एकदम खाली आला. "सांगता येत नाई, मावशी. नाई होवो. पन झालं तं घाबरजा नोका. तोंडात हात घालाचा नाई. बाजूचं सामान सरकवाचं, अन् जवळ बसाचं. मले फोन कराचा."

पाटी त्याच दिवशी निघाली. जलदचं ऑपरेशन महिनाभराने झालं. वर्ध्याची पिल्लं मात्र झालीच, आणि ती घेणाऱ्या घरांत काकाजी जाऊन आले. काहींनी ऐकून घेतलं, एकाने दार लावलं. त्यातल्या एका पिल्लाला पुढे झटके सुरू झाले. ज्याने दार लावलं त्याच्याच. तो माणूस कुत्रा घेऊन देवळीला आला तेव्हा मी वरून पाहत होते. मला वाटलं, आता फलाटावरची शुद्ध मराठी ऐकायला मिळणार. काकाजींनी फक्त विचारलं, "गोळी कोणती देली डॉक्टरनं?" आणि मला खाली बोलावलं.

विनूची गोळी माणसांनाही देतात तीच होती. वेळ चुकवायची नाही, असं मी बजावलं तेव्हा ते दुखावले. "मले टायमाचं सांगून राह्यल्या काय, मॅडम?" सकाळ-संध्याकाळ ते विनूला पुकारत. या गोळीपायी त्यांनी भाचीच्या लग्नाची पंगत अर्ध्यात सोडली, आणि नातेवाइकांत अजून त्यावर बोललं जातं.

मग माझी नागपूरला बदली झाली. निमा गेली, मागल्या वर्षी राणीही गेली, दोघी म्हाताऱ्या होऊन. त्या घरात आता एकटा विनू उरला आहे. झटके वर्षातून एखाददुसरे. काकाजींचे हात थरथरतात, काकूंचे गुडघे गेलेत. मुलगी पुण्याला, आणि जावयाला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो.

गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तर व्हरांड्यात मुलाखत चालू होती. समोर एक तरुण जोडपं. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पांढरं पिल्लू मिळतं असं कोणाकडून तरी ऐकून आले होते. मला आश्चर्य वाटलं. द्यायला पिल्लू नव्हतं, कधी होणारही नव्हतं. तरी काकाजी एकेक प्रश्न विचारत होते. म्हातारा झाल्यावर कोण पुसीन, यावर नवरा बायकोकडे न पाहता म्हणाला, "जो घरी असन तो." काकाजींनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "पिल्लं नाई माह्याजवळ. होनार बी नाई." आणि का ते सांगितलं.

"मंग एवढं काऊन इचारलं आमाले?" मुलीने विचारलं. रागाने नाही.

काकाजींनी खुर्चीखाली झोपलेल्या विनूकडे बोट केलं. "ह्याच्यासाठी. मी हाओ तवरी इथंच राहीन हा. पन हा माह्या मागं राह्यला तं? म्हाताऱ्या, फिटा येनाऱ्या कुत्र्याले कोन नेईन?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. विचार करून सांगतो, म्हणाली. लोक असं म्हणतात तेव्हा परत येत नाहीत. काकाजी मला तेच म्हणाले, आणि काकूंनी चहा गॅसवरून उतरवला.

पुढच्या रविवारी ती दोघं आली. त्याच्या पुढच्याही. गोळी द्यायला शिकली. एका रविवारी विनूला झटका आला, तेव्हा ती मुलगी स्टूल सरकवून फरशीवर त्याच्याजवळ बसली आणि तो उठेपर्यंत हलली नाही, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं.

परवा पुन्हा गेले होते. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. विनू काकाजींच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला, आता त्याला कमी ऐकू येतं. वळणावर त्या जोडप्याच्या मोटारसायकलचा आवाज आला. तरी विनूने डोकं उचललं, सावकाश उठला आणि फाटकापर्यंत चालत गेला. शेपूट हलत होती. काकाजींनी पाय जवळ ओढून घेतला.

"पाहा, मॅडम," ते म्हणाले. "हरामखोर. मी अजून हाओ ना इथं."